शूटिंगवाले अण्णा

माळशिरस तालुक्यातल्या माणसाला दोन गावं सांभाळावी लागतात. तहसील, कोर्ट, सातबारा माळशिरसला; आणि बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता अकलूजला. एका गावात काम निघालं की त्याचा निम्मा कागद हटकून दुसऱ्या गावात असतो. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. शूटिंगवाले अण्णा याच तालुक्यात वाढले, म्हणूनच की काय, त्यांच्या खिशात अँड्रॉइड आहे, टेबलावर अ‍ॅपल आहे, आणि या दोघांच्या मधले हेलपाटे अण्णा आनंदाने घालतात.

लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, गावच्या जत्रेतल्या कुस्त्या, पुढाऱ्याचा वाढदिवस. अण्णा सगळ्याचं शूटिंग करतात. त्यांच्या दुकानात मॅकबुक अशा कोनात मांडलेलं असतं, की पायरी चढणाऱ्याला आधी झाकणावरचं सफरचंद दिसावं आणि मग अण्णा. वरबाप समोर बसला की अण्णा झाकण हळूच अर्धा इंच पुढे ढकलतात आणि मगच भाव सांगतात. ‘फायनल कट’ नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फक्त अ‍ॅपलवर चालतं, हे ते तिसऱ्या वाक्यात सांगतात. वरबापाला त्यातलं ‘फायनल’ तेवढं कळतं आणि तो घासाघीस आवरती घेतो.

खंडेनवमीला अण्णा कॅमेरे, लेन्सा, ट्रायपॉड, लाइटं ओळीने मांडून पूजा करतात. मॅकला झेंडूचा हार, सफरचंदाला हळदीकुंकू. पहिल्या वर्षी त्यांच्या आईने विचारलं, “आरं, उष्टं फळ पूजेला कसं चालंल?” अण्णा एका क्षणात म्हणाले, “शबरीची बोरं रामाला चालली न्हवं?” म्हातारी गप्प झाली. तेव्हापासून ती स्वतःच कुंकू लावते, फक्त चावलेल्या बाजूला नाही.

मग फोन अँड्रॉइड का? यावर अण्णांचं बोलणं तयार असतं. त्यांना दोन सिम लागतात, एक घरचं, एक धंद्याचं, आणि दोन्ही बोटांत धरता आली पाहिजेत. आपल्याकडच्या बहुतेक आयफोनमध्ये एक सिम हाताचं आणि दुसरं ई-सिम, हे ऐकल्यावर ते म्हणाले, “दिसत न्हाई ते सिम ठिवायचं कुठं?” पण खरं कारण कॉल रेकॉर्डिंगचं आहे. ठरलेला भाव, ठरलेली तारीख, “ड्रोनबी आना” म्हणून मुलीच्या मामाने मारलेली फुशारकी, हे सगळं अण्णांच्या फोनमध्ये जमा असतं. हिशेबाच्या दिवशी मामाला त्याचाच आवाज ऐकवला की वाद मिटतो. आयफोनवरही २०२४ च्या ऑक्टोबरपासून रेकॉर्डिंग आलं. पण तो आधी दोघांनाही मोठ्याने सांगतो, की रेकॉर्डिंग सुरू आहे. “आसं दवंडी पिटून मामा बोलतोय व्हय?” हा अण्णांचा सवाल. अ‍ॅपलकडे त्याचं उत्तर असेल असं मला वाटत नाही.

तर पंचाईत अशी, की फोनमधलं शूटिंग मॅकमध्ये जात नाही. अण्णा केबल लावतात. केबल दोन्हीकडे बसते, मॅकचाच चार्जर फोनलाही चालतो, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, जमलं. फोन चार्ज व्हायला लागतो. आणि तेवढंच होतं. वीज जाते, फाइल येत नाही. कारण असं, की अँड्रॉइड फायलींची देवघेव ‘एमटीपी’ नावाच्या रीतीने करतं. ती मूळची मायक्रोसॉफ्टच्या घरची, म्हणून विंडोजला ती जन्मजात येते. मॅकने ती कधी शिकूनच घेतली नाही. गूगलने मध्यस्थ म्हणून ‘अँड्रॉइड फाइल ट्रान्स्फर’ हे अ‍ॅप दिलं होतं, पण ते चार जीबीच्या वरची फाइल उचलत नसे, आणि पुढे गूगलने तेही काढून घेतलं. अण्णांकडे जुनं उतरवून ठेवलेलं आहे. ते अजून कधी चालतं, कधी रुसतं.

त्याचा रुसवा मी एकदा जवळून पाहिला. आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते, तेव्हा वाटेत सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण होतं. अण्णांनी ते आख्खं रिंगण फोनवर फोर-केमध्ये धरलं होतं. अश्व, त्यामागचा स्वार, टाळकरी, टापांची माती कपाळाला लावणारी माणसं, सगळं सलग, कुठे कट नाही. एका दिंडीच्या महाराजांनी ते मागितलं. पालखी रात्रीला माळशिरसला, सकाळी वेळापूरच्या वाटेला. अण्णा म्हणाले, “म्हाराज, आसं कच्चं न्हाई देत. अभंग टाकून, नाव टाकून, सकाळी पेन ड्राइव्ह हातात.”

रात्री केबल लागली, फोन चार्ज झाला. जुनं अ‍ॅप उघडलं. निळी पट्टी सरकत सरकत टोकाला आली आणि फाइल मोठी आहे म्हणून नकार आला. अण्णांनी फाइल गूगल ड्राइव्हला चढवायला घेतली. पण लाखो वारकरी मुक्कामाला उतरलेल्या गावात मोबाइलला रेंज कुठली? चाक नुसतं फिरत राहिलं. मग किल्ल्यांच्या जुडग्यातला दुतोंडी पेन ड्राइव्ह निघाला, एक तोंड फोनला, एक मॅकला. फाइल एकदाची मॅकमध्ये उतरली. पहाटे अभंग चढला, नाव चढलं, आणि अण्णांनी महाराजांचा पेन ड्राइव्ह लावला. तो कुठल्यातरी विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने तयार केलेला. मॅक असा पेन ड्राइव्ह वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. तो पुसून एक्सफॅट केला असता तर दोघांनाही चालला असता. पण त्यात महाराजांची कीर्तनं होती. कीर्तन पुसायला अण्णांचा हात धजेना.

बाहेर पालखी निघायची गडबड सुरू झाली होती. महाराज दारात उभे. त्यांनी फडक्यात गुंडाळलेला आपला फोन काढला. अँड्रॉइड. “हे काय, ह्याच्यात टाका की कच्चंच!” दोन फोन शेजारी ठेवले, अँड्रॉइडचं क्विक शेअर लावलं, महाराजांनी चहा घेतला तेवढ्यात रिंगण पोचलं. मॅकबुक उघडं ते उघडंच, सफरचंद दाराकडे.

दुसरा एखादा त्या दिवशी सुधारला असता. अण्णांनी उलट नवी पद्धत बसवली. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ च्या अखेरीस स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय दिली होतीच; आता अण्णा फोनवरून स्वतःला फोटो पाठवतात आणि मॅकवर स्वतःकडून घेतात. फोटो म्हणून पाठवला तर तो दबतो, नवरीच्या नथीतले मोती एकमेकांत विरघळतात. म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून. दिवसभर त्यांच्या तोंडी तेच: “डॉक्युमेंट करून टाका वो!” परवा पानवाल्याने उधारीचा हिशेब विचारला, त्यालाही हेच उत्तर मिळालं.

पुण्याला नोकरी करणारा भाचा येतो, त्याच्याकडे सगळंच अ‍ॅपल. तो एअरड्रॉपने एका झटक्यात फोटो मॅकवर टाकतो आणि म्हणतो, “मामा, घ्या की आयफोन. आता कोरेगाव पार्कात कंपनीचं दुकानच आहे.” ते दुकान २०२५ च्या सप्टेंबरात उघडलं. अण्णा अँड्रॉइडची बाजू घेऊन भाच्याशी भांडतात. उलट शेजारचा फ्लेक्सवाला विंडोजची थोरवी सांगू लागला, की ते मॅकची बाजू घेतात, त्यात देवनागरीचे किती सुबक फॉन्ट आयते येतात ते एकेक उघडून दाखवतात. जो हजर आहे त्याचं खोडायचं आणि जो हजर नाही त्याची वकिली करायची, हे अण्णांचं धोरण.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बातमी आली, की गूगलने क्विक शेअर आणि एअरड्रॉपची सोयरीक जुळवली; अँड्रॉइडवरून थेट मॅकवर फाइल जाणार. मी पेढ्याच्या अपेक्षेने दुकानात गेलो. अण्णांचा चेहरा उतरलेला. केबली, दुतोंडी पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, मोबाइल पकडून ठेवणारी लाकडी पट्टी, सगळं टेबलावर काढून बघत बसले होते. मी म्हटलं, सुरुवात फक्त गूगलच्या पिक्सेल १० फोनपासून आहे, तुमच्या फोनला अजून नाही. अण्णा ताठ झाले. “आपल्याला न्हाई? बरं बरं.” आणि पोराला चहा सांगितला.

माझं मत विचाराल तर अण्णांना अडचण नकोशी नाहीच. दोन कंपन्यांचं पटत नाही म्हणून मधल्या माणसाला भाव आहे, आणि मधला माणूस व्हायची त्यांना हौस आहे. तेव्हा कुणी काही सुचवायला जाऊ नये. काम मात्र चोख करतात, अल्बम बघत राहावा असा असतो. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल तर तारीख लवकर धरा, अल्बमला ठरल्याहून महिनाभर जास्त धरा. आणि तुमच्या फोनमधले फोटो त्यांना द्यायचे असतील तर डॉक्युमेंट करूनच टाका.