उताऱ्यावर उतारा

आमच्या भाचीने गेल्या दोन वर्षांत इतके उतारे वाचले, की तिच्या आजीला घोर लागला. आजीला ठाऊक असलेला उतारा म्हणजे लिंबू, दहीभात आणि तिन्हीसांजेचा चौक. ‘पोरीला कोणाची लागलीय रे?’ तिने मला हळूच विचारले. मी म्हटले, ‘क्लॅटची.’ तिने लगेच मीठमोहऱ्या काढल्या.

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिरायची परीक्षा. 120 मिनिटे, 120 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. प्रश्न उताऱ्यांवर, उतारे जवळपास साडेचारशे शब्दांचे. वाचायचे, समजायचे, दोन येडपट पर्याय हाकलायचे, उरलेल्या दोघांची झुंज लावायची आणि गोल काळा करायचा, सगळे प्रश्नामागे एका मिनिटात. आमच्या भिवंडीतल्या कल्याण नाक्यावर एक ट्रेलर आडवा झाला तर अख्खी क्लॅट आटोपते. पहिला गिअर पडतो तेव्हा उत्तरपत्रिका गोळा झालेल्या असतात.

कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, ही या परीक्षेची खासियत. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, ‘उताऱ्यात आहे तेवढंच खरं. बाहेरचं डोक्यात आणलंत की मार्क गेले.’ आता बाहेरचं म्हणजे काय? तर भिवंडी.

मागच्या रविवारी सराव पेपर होता. भाची माळ्यावर, समोर मोबाइलवर उलटे घड्याळ, कानात कापसाचे बोळे. भिंतीपलीकडे दाजींचे यंत्रमाग, दोन्ही पाळ्या चालू. खटखटीने चहाच्या कपातली साय थरथरते, एवढे अंतर. प्रश्न असा: ‘अ’ने ‘ब’च्या घराशेजारी कारखाना टाकला. रात्रंदिवस आवाज. ‘ब’ची झोप उडाली. कायद्याने हा उपद्रव होतो का? भाचीने दहा सेकंदांत गोल काळा केला: नाही. उत्तरतालिकेत: होतो. गेला पाव गुण.

‘अगं, झोप उडाली असं लिहिलंय ना?’ मी म्हटले.

‘मामा, मागाच्या आवाजाने झोप उडते? आमची तर तो बंद पडला की उडते.’

दाजींना मात्र कोण आनंद! अजून सनद नाही हातात आणि पोरगी बापाचा खटला जिंकून बसली. त्यांनी जिलेबी आणली.

असे पाव पाव करत भिवंडी तिच्या डोक्यातून उपसायचे काम चालू आहे. मानहानीचे प्रकरण तिने पुस्तकात पाठ केले, त्यात कुणी इंग्रज सरदार आणि कुठलेसे वर्तमानपत्र. तिकडे आमच्या भिवंडीच्या कोर्टात 2018 साली राहुल गांधी मानहानीच्याच खटल्यात स्वतः हजर राहून गेले. पण तो उताराबाह्य मजकूर.

भाषेचे म्हणाल, तर पोरीला घरात मराठी, बाजारात उर्दू, पद्मानगरात तेलुगू आणि मागावर भोजपुरी ऐकून कळते. अशिलाचे गाऱ्हाणे चार भाषांत समजणारा वकील कोणत्याही कोर्टाला हवाच असेल. परीक्षा पाचव्या भाषेत आहे. राज्याची सीईटी मराठीतही देता येते आणि तिथे चुकीला दंड नाही, हे मी सुचवून पाहिले. ताई म्हणाली, ‘दंडच नाही तर ती कायद्याची परीक्षा कसली?’

याला उत्तर नव्हते. दाजींचा हिशेब वेगळाच. 1 डिसेंबर 2024ला झालेल्या क्लॅटच्या दोन उत्तरांना दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात चूक ठरवले, आणि पुढे 2025मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दाजींनी ती बातमी कापून यार्नच्या बिलांच्या फाइलमध्ये जपलीय. ‘ज्या धंद्याची प्रवेश परीक्षाच कोर्टात जाते,’ ते म्हणतात, ‘त्या धंद्यात मंदी येणार कुठून? नाहीतर आमचा कपडा बघा.’

परवा संध्याकाळी पूर्णा गावाहून दाजींच्या ओळखीचे एक आजोबा आले. एके काळी भाताचे शेत, आता त्यावर पत्र्याचे गोदाम. आत कोणाचा माल आणि कागदावर कोणाचे नाव, हे गोदामवाल्याला ठाऊक. आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून सातबाराचा उतारा काढला. चार घड्या, कडेला चहाचा डाग. ‘तू वकिलीचा शिकतेस ना गो? इतर हक्कात हे कोणाचा नाव चढलंय, एवढा बघ.’

भाचीने सवयीने मोबाइलवर घड्याळ लावले. कागद वरून खाली वाचला, उलटून मागे पाहिले, पुन्हा सुलटा केला. दीड मिनिट झाले. आजोबा तिच्या तोंडाकडे बघत बसलेले, मागे मागांची खटखट.

‘आजोबा,’ ती शेवटी म्हणाली, ‘उतारा वाचला. पण पर्याय कुठायत?’

‘पर्याय असता तर तुझ्याकडं आलो असतो काय गो बाय?’