स्पॅनिशच्या वर्गातला रामा गडी

मराठी नाटकातल्या दिवाणखान्याचा टू-बीएचके झाला आणि चहाचा ट्रे घेऊन येणारा रामा गडी बेकार झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. रामा हल्ली पुण्यात स्पॅनिश शिकतो. रानडे इन्स्टिट्यूटच्या सर्टिफिकेट कोर्सला जा, नाहीतर कोथरूडमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खासगी क्लासला. खाण्यापिण्याचा धडा संपला, की मॅडम पाच-पाच जणांचे गट पाडतात आणि माद्रिदमधल्या रेस्तराँचं स्किट बसवायला सांगतात. हेतू एवढाच, की शब्द तोंडात बसावेत. पण मेक्सिकोच्या प्रोजेक्टकडे डोळे लावून बसलेला इंजिनिअर, 'मनी हाइस्ट' बघून भाषेच्या प्रेमात पडलेली मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले काका आणि मेस्सीचा एखादा भक्त यांच्यात भूमिकांवरून जी ओढाताण होते, ती पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीला शोभावी. या सगळ्यात एक जण भिंतीला टेकून गप्प उभा असतो. वाटप संपत आलं की तो हळूच म्हणतो, "मी वेटर होतो." स्पॅनिशमध्ये कामारेरो. बाजाराच्या स्किटमध्ये तो दुकानातला पोऱ्या होता आणि दवाखान्याच्या स्किटमध्ये कंपाउंडर.

वर्गाच्या लेखी हा माणूस अंगचोर. नायकाला पानभर संवाद, याला चार वाक्यं: 'के देसेआ?', 'आल्गो मास?', 'आकी तिएने' आणि 'लो सिएन्तो, नो आय पाएया'. काय हवं, आणखी काही, हे घ्या, आणि माफ करा, पाएया संपला. माझं म्हणणं असं, की अख्ख्या गटात खरोखर शब्द शिकतो तो हाच. नायक काय करतो ते पाहा. आदल्या रात्री तो गूगल ट्रान्सलेटकडून भाषण लिहून घेतो. त्यात क्रियापदांची अशी रूपं असतात, जी मॅडम पुढच्या वर्षी शिकवणार असतात. ती तो घोकतो आणि घडाघडा म्हणून दाखवतो. समोरच्यानं सूपऐवजी मासा मागवला तरी सूपचंच कौतुक करत राहतो. वेटरला ही चैन परवडत नाही. गिऱ्हाइकानं 'कुचारा' म्हटलं की चमचाच न्यावा लागतो. काटा नेला तर मागची बाकं हसतात. तो प्रत्येक टेबलाशी तोच प्रश्न विचारतो, दर वेळी वेगळं उत्तर ऐकतो, वहीच्या मागच्या पानावर टिपतो आणि स्वयंपाक्याला जाऊन पुन्हा मोठ्यानं सांगतो. नायक तो शब्द एकदा उच्चारून मोकळा होतो. वेटर तो ऐकतो, लिहितो, बोलतो आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणात घालून वाहूनही नेतो. शिवाय नायकाची नजर ट्यूबलाइटवर खिळली आणि पुढचं वाक्य काही केल्या येईना, की न बोलावता रंगमंचावर शिरायचा हक्क एकट्या वेटरला असतो. 'आल्गो मास?' म्हणत तो आत येतो आणि प्रयोग वाचतो. टाळ्या अर्थातच नायकाला.

याला शास्त्राचा आधार द्यायचा तर थोडा ओढूनताणून देता येतो. १९६० च्या दशकात जेम्स अॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक पद्धत मांडली. शिक्षकानं परक्या भाषेत आज्ञा द्यायची, विद्यार्थ्यानं ती करून दाखवायची. बोलायची घाई नाही. ऊठ, दाराशी जा, पुस्तक आण. आता आमच्या माद्रिदमध्ये ज्याला आज्ञा होतात आणि ज्याला त्या पाळाव्याच लागतात, असा इसम एकच आहे. पुढे १९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ या दोघा संशोधकांनी दाखवलं, की नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा एखाद्या खुणेवरून आपण स्वतः काढलेला शब्द जास्त लक्षात राहतो. त्यांचे प्रयोग शब्दांच्या जोड्यांवरचे होते, तिथे कुणी हातावर ओढणी टाकून बिल आणायला उभं नव्हतं, हे मान्य. तरी नायकाचा शब्द कागदावरून येतो आणि वेटरचा गरजेतून, एवढा फरक त्या प्रयोगांच्या जवळपास जातो.

यावर आक्षेप येतातच आणि ते अगदीच पोकळ नसतात. पहिला असा, की वेटर सगळ्यांना 'उस्तेद' म्हणतो, म्हणजे अहो-जाहो. 'तू'ची रूपं त्याच्या तोंडाला कधी लागतच नाहीत. स्पेनमध्ये तर साध्या बारमधला वेटरसुद्धा अनेकदा गिऱ्हाइकाला 'तू' म्हणतो, तिथे हा गृहस्थ सरकारी पत्रासारखा बोलणार. बोलू दे. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, लोक मित्रालाही आणि घरच्यांनाही सर्रास 'उस्तेद' म्हणतात. रामाला तिकडे पाठवावं. दुसरा आक्षेप परीक्षेचा. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत, ए-टू पातळीच्या तोंडी भागात, परीक्षकासमोर एक काल्पनिक प्रसंग वठवावा लागतो, आणि तिथे आपण बहुधा गिऱ्हाईक असतो. मग जन्मभर वेटर झालेल्याचं काय होणार? काहीच वाईट नाही. समोरचा पुढे काय विचारणार हे त्याला विचारणाऱ्याच्या आधी माहीत असतं. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही: वेटरच्या जगात भूतकाळ नाही. काल काय केलं, लहानपणी कुठे राहिलो, हे त्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे ती सगळी रूपं कोरडी राहतात. त्यावर शहाण्या मॅडमकडे उपाय असतो. त्या नायकाला वेटर करतात आणि वेटरला खुर्चीवर बसवतात.

पहिल्यांदा खुर्चीवर बसलेला रामा बघण्यासारखा असतो. मेनू तो उलटा धरत नाही, ऑर्डर स्पष्ट देतो, अगदी मिठाचासुद्धा शब्द चुकत नाही. घोटाळा होतो तो नवा वेटर थेट सूप घेऊन आल्यावर. रामा उठतो, त्याच्या हातातलं झाकण काढून घेतो आणि शुद्ध मराठीत सांगतो, "आधी पाणी ठेव रे." माद्रिदमध्ये न मागता पाणी सहसा ठेवत नाहीत, हे मॅडम समजावून सांगतात. रामाला ते पटत नाही.