बसतंय की!

आबांच्या खिशात टेप नसेल तर त्यांना ताप आलाय असं समजावं. पाच मीटरचा, पिवळ्या डबीतला पोलादी टेप. बांधकाम खात्यातून निवृत्त होताना शाल-श्रीफळ मिळालं. श्रीफळ त्याच संध्याकाळी फुटलं, शाल कपाटात गेली, टेप मात्र अजून सेवेत आहे. ही जमात तुमच्याही गल्लीत असणारच: बिघडलेल्या फ्रीजमध्ये पुस्तकं ठेवणारी, भंगारवाल्याकडे काही द्यायला म्हणून जाऊन दुप्पट घेऊन येणारी. आबा त्या जमातीचे कराड तालुकाध्यक्ष.

तर या आबांनी अँब्युलन्स विकत घेतली.

झालं असं की, पुतण्याच्या मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. इंग्लंड-अमेरिकेत लोक जुन्या अँब्युलन्स घेतात, आत बिछाने-शेगडी बसवतात आणि बायकापोरांसह देश हिंडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आबा माझ्या दारात.

"सर, डोकं हाय गोऱ्यांना. मागं उंची हाय, वायरिंग हाय, कप्पं हायत. झोपायची सोय तर आधीपास्नंच हाय!"

राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रण त्यांनी तोवर लॅमिनेट करून घेतलं होतं. "सरकार आपल्या बाजूनं हाय," असं म्हणण्याची संधी त्यांना नोकरीत कधी मिळाली नव्हती.

एका संस्थेची टेम्पो ट्रॅव्हलर विकायला होती. आबांच्या लेखी ती 'बजाज टेम्पोची'. कंपनीनं २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, हे त्यांना कुणी लेखी कळवलेलं नाही. विकणारा इंजिनाबद्दल, टायरांबद्दल, किलोमीटरबद्दल बोलत होता. आबा मागच्या दारातून आत शिरले आणि थोड्या वेळानं आतून आवाज आला, "सहा फूट दोन. बसतंय की!" व्यवहार झाला. इंजिन त्यांनी नंतर पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांच्या बायकोसमोर, म्हणजे काकींसमोर, बोलायचं नाही असं ठरलेलं आहे.

पहिलं काम रंग काढण्याचं. आमच्याकडच्या अँब्युलन्सवर लाल चिन्ह वीतभर असतं आणि देणाऱ्याचा फोटो दोन हात. पॉलिश पेपरनं घासल्यावर 'सप्रेम भेट'वाले नेते निघाले, आणि त्यांच्या खाली पुन्हा तेच नेते निघाले. मधल्या काळात पक्ष बदलल्यामुळे गळ्यातल्या उपरण्याचा रंग वेगळा होता, हसू तेच होतं. आबांनी चेहऱ्यावर टेप धरला. "अडीच फूट बाय दोन. खिडकी बसतंय की!" तेवढाच पत्रा कापला. आता नेत्यांच्या जागी काकींचा चेहरा दिसतो आणि त्या निदान चहा विचारतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, हे आबांना पाठ आहे. गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरंच, असं चालत नाही. म्हणून फाईल, फाईलची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन त्यांनी सगळं रीतसर केलं. सायरन काढला, निळा दिवा काढला. दिव्याच्या भोकाला टेप लावला आणि तिथं स्वयंपाकाचं धुराडं आलं. सलाईनच्या हुकाला केळ्यांचा घड आला, ऑक्सिजनच्या कड्यात गॅसची छोटी टाकी आली, नातेवाइकांनी काळजी करत बसायच्या बाकड्याखाली ज्वारीच्या पिठाचा डबा आला. ओगलेवाडीचा जुना प्रभाकर कंदील मात्र काही केल्या बसेना. आबांनी कंदिलाला हात लावला नाही, कपाट कापलं. बसत नसेल ते 'बसवू', हा त्यांच्या शास्त्रातला दुसरा आणि शेवटचा नियम.

या टेपापुढे माणूस आणि फळी यांत भेद नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी दाराच्या चौकटीला उभं करतात. भाचीला बघायला सांगलीकडचा मुलगा आला होता. बाकीचे पगार, शेती, फ्लॅट विचारत होते. आबांनी उठून त्याच्या टाचेपासून डोक्यापर्यंत टेप ताणला. "पाच अकरा. आडवा बसतंय की!" मुलाकडच्यांना वाटलं, पसंती कळवली. त्यांनी पेढे काढले. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, पण आबा बोलत होते ते मागच्या वरच्या बर्थबद्दल, हे त्या घराला अजून ठाऊक नाही.

बॉनेटवरची उलटी अक्षरं त्यांनी घासली, तरी पुसट राहिली. पुढच्या गाडीवाल्याला आरशात ती सुलट दिसतात, त्यासाठीच तर ती उलटी लिहायची रीत. परिणाम असा की, आत पेशंट असताना कोल्हापूर नाक्यावर जिला कुणी तसूभर सरकून वाट दिली नसेल, तिच्यात आता भडंगाचं पोतं असताना ट्रक डावीकडे होतात. अँब्युलन्सला वाट न दिल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार दहा हजारांचा दंड आहे. दंडाची भीती पोचली, पेशंटची गरज पोचली नाही. यामुळे आबांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते खिडकीतून हात काढून ओरडतात, "तुम्ही जावा! पेशंट न्हाई!" तासवड्याच्या टोलनाक्यावर तर ते टोल भरण्यासाठी हटून बसले आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला.

पहिली मोठी सहल गुहागरची. पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढं समुद्र. पाटणला चहाला थांबले तर माणसं गोळा झाली. "पेशंट कोण?" काकींनी आबांकडे बोट दाखवलं, "हे."

सहा माणसांच्या गाडीत गुहागरला गेली दोन माणसं.

बाकीची चार कोण, हे मला उशिरा कळलं. इतके दिवस मी समजत होतो की, काम संपू नये म्हणूनच हा माणूस ते लांबवतोय. एकदा पान्हा शोधायला म्हणून आत गेलो, तर प्रत्येक बर्थच्या कडेला पेन्सिलीनं नाव आणि आकडा. पुण्यातला मुलगा, सून, बंगळूरची मुलगी. नातवाच्या बर्थवर आकड्यांची रांगच: तीन चार खोडून तीन दहा, तेही खोडून चार पाच. पोरं दिवाळीला दोन दिवस येतात. आबा मोजतात, बर्थ उसवतात, फळी वाढवतात. व्हार्निश वाळेपर्यंत सुट्टी संपते. यंदा मुलानं फोनवर सांगितलं, आम्ही थेट रिसॉर्टचं बुकिंग केलंय, तुम्हीही या. आबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, "तिथली कॉट किती लांबीची हाय?"

मला हा माणूस आवडतो असं मी म्हणणार नाही. रविवारी सकाळी सातला ग्राइंडर सुरू करणारा माणूस कुणाला आवडेल? पण परवा फाटकाशी त्यांनी मला गाठलं, टेपाचं टोक माझ्या टाचेखाली दाबलं आणि मान वर केली.

"पाच सहा. सर, सुनेचं बर्थ दिवाळीपतुर मोकळंच हाय. गुहागरला चला. बसतंय की!"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नोकरीत, बदलीत, नात्यागोत्यात आजवर ज्यानं त्यानं मला आधी थोडं घासून, कापून मगच बसवून घेतलंय. आहे त्या मापात घेणारा हा पहिलाच.

अर्थात, बर्थ पाच फूट चार आहे. गुडघे दुमडावे लागतील. त्यावर आबा म्हणाले, "बसवू."