बिनकवाडाच्या गावचे सर

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर या गावी, जेथे घरांना चौकटी असतात परंतु कवाडे नसतात, जेथे साडेपाच फुटी कृष्णशिळेचे दैवत स्वतःदेखील छप्पर नाकारून उघड्या चौथऱ्यावर उभे आहे आणि जेथे पोलीस ठाणे उघडावे अशी निकड सरकारास २०१५ साली भासली, तेथे कुलुपांवर उपजीविका करणारा इसम आढळेल असे कोणास वाटणार नाही; तथापि तो आढळतो, आणि त्यास सारे गाव ‘सर’ म्हणते.

सर शिक्षक नव्हेत. ज्यास संगणक चालवता येतो तो ‘कॉम्प्युटरवाला’ आणि ज्यास बंद पडलेला संगणक चालवता येतो तो ‘सर’, अशी आमच्या मुलखातील श्रेणी आहे. त्यांचा मुक्काम सोनईस. शिंगणापुरातील एखादी पतसंस्था, एखादे लॉज, एखादे दूध संकलन केंद्र यांची यंत्रे ते आपल्या माडीवर बसून हाकतात.

मोठ्या कंपन्यांत ‘डोमेन’ नावाची मध्यवर्ती सत्ता असते. सर्वांच्या नावांचे दप्तर एका सर्व्हरवर असते आणि तेथून सुटलेले फर्मान प्रत्येक यंत्र शिरसावंद्य मानते. सरांच्या नशिबी मात्र ‘वर्कग्रुप’ आला, म्हणजे विलीनीकरणापूर्वीची संस्थानेच: प्रत्येकाचे दप्तर निराळे, आणि एकाने ओळखलेल्या माणसास दुसऱ्याने ओळख द्यावीच असे बंधन नाही. तेव्हा सरांनी यंत्रायंत्रावर एकच नाव आणि एकच पासवर्ड नोंदवला. परंतु बाहेरून आलेल्या स्थानिक खात्याचे अधिकार वेशीवरच उतरवून घेण्याचा विंडोजचा शिरस्ता असल्यामुळे, प्रत्येकाच्या रजिस्ट्रीत शिरून आपल्या अधिकाराची स्वतंत्र नोंद करण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. कॅशियरच्या यंत्रावर तर विंडोजची ‘होम’ आवृत्ती निघाली, जी रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्याकडे खुशाल जाते, पण आपल्याकडे कोणास येऊ देत नाही. सगळ्यांच्या घरी पंगतीला बसून स्वतःच्या घरी कधी चूल न पेटवणाऱ्या आप्ताप्रमाणे. तेथे ‘एनीडेस्क’ची मनधरणी करावी लागते.

शनी अमावास्येच्या गर्दीत नेमके लॉजचे यंत्र अडते. सर तेथील अण्णांना फोन करतात, “अण्णा, स्क्रीनवरचा नंबर वाचा.” अण्णा म्हणतात, “सर, स्क्रीनच काळी आहे.” बऱ्याच चौकशीअंती झाडणाऱ्या बाईंनी भिंतीवरचे बटण बंद केल्याचे निष्पन्न होते, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागताच अण्णा हात मागे घेऊन ताटकळलेल्या भाविकांस बजावतात, “सर आत आलेत. कोणी हात लावू नका.” सरांनी गुप्त ठेवण्यास बजावलेला पासवर्ड तेवढ्या वेळात भाविकही वाचून घेतात, कारण ग्रामधर्मास अनुसरून अण्णांनी तो मॉनिटरवर चिकटवलेला असतो.

सरांचा सिद्धांत असा की, शिंगणापूर हेच मुळी आदर्श डोमेन होय. सत्ता एक, ती चौथऱ्यावर. तिची जरब घरोघर सारखी. म्हणून घरोघरी पहारा नको. विश्वास एके ठिकाणी ठेवण्यास सारे राजी झाले, तरच कुलपे गळून पडतात. एरवी ती सांभाळणारा एक हमाल नेमावा लागतो, आणि तो हमाल आपण. युको बँकेने २०११ साली येथे ‘बिनकुलपाची’ म्हणून शाखा काढली आणि काचेच्या दारास दुरून चालणारे, जेमतेम दृष्टीस पडणारे विद्युत्-चुंबकीय कुलूप बसवले, त्या योजनेविषयी सर गुरुबंधूच्या आदराने बोलतात.

सर्व्हर घेण्याचा अर्ज त्यांनी पतसंस्थेत गुदरला, तेव्हा चेअरमन समजुतीच्या स्वरात म्हणाले, “सर, या गावात चोराला शनिदेव बघून घेतात. मग हा खर्च कशाला?”

“चोराला बघतील हो, साहेब. पण पासवर्ड विसरणाऱ्या कारकुनाला कोण बघणार?”

“त्याच्यासाठीच तर तुम्हाला ठेवलंय,” असे म्हणून चेअरमननी अर्ज दप्तरदाखल केला.