रुमाल चालला कुरांडाला

ऑस्ट्रेलियात केर्न्सहून डोंगर चढत कुरांडाला जाणाऱ्या गाडीत प्रत्येकाला डबा आणि आसन नेमून दिलेलं असतं. तरीही आपल्या ग्रुपमधले एक गृहस्थ फलाटावर सगळ्यांना मागे सारून आत शिरतात आणि खिडकीशी रुमाल पसरतात. टूर मॅनेजर बिचारा नंबर वाचून दाखवतो. गृहस्थ शांतपणे सांगतात, "इथे बसलंय कुणीतरी."

बसलेला असतो रुमाल.

या रुमालाचं घराणं मोठं आहे. एसटी स्टँडात गाडी लागायच्या आत खिडकीतून सीटवर जाऊन पडतो तोच हा. रुमाल नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर छत्री, आणि काहीच हाताशी नसेल तर धाकटं पोर. सातबाऱ्यावरच्या नावाला हरकत घेता येते, रुमालाला घेता येत नाही. पण तिथे गाडी एक आणि माणसं तिप्पट, तेव्हा रुमालाला निदान कारण तरी होतं. कुरांडाला काय आहे? माणूस तितकी आसनं, आणि वर एक रुमाल.

वर पोचल्यावर जंगलात फिरवायला जमिनीवर चालणारी आणि तशीच पाण्यात उतरणारी मोटार असते. ही जात 1942 साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झाली. 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जहाजांतून माल आणि माणसं उतरवायला हीच होती. दोन्ही बाजू उघड्या, कुठेही बसा, झाडं तीच आणि तळंही तेच. पण तिच्यात चढताना आपली मंडळी जे काही करतात ते पाहिलं की वाटतं, नॉर्मंडीला शिस्त बरी असावी. आणि परतीची केबल कार तर विचारूच नका. साडेसात किलोमीटर, थेट जंगलाच्या माथ्यावरून. 1995 मध्ये ती सुरू झाली, तेव्हा खांबांसाठी रस्ता काढून झाडं तोडायची नाहीत म्हणून लोखंड हेलिकॉप्टरने आणून उतरवलं होतं. पाळण्याला चारी बाजूंनी काचा, म्हणजे खिडकीची नाही अशी जागाच त्यात नाही. तरी रुमाल पडतोच. मग मधल्या रेड पीक स्टेशनावर उतरून पुढच्या पाळण्यात बसायचं असतं. गडबडीत माणसं उतरतात, रुमाल राहतो, आणि दार लागून पाळणा आल्या वाटेने निघतो. खाली हिरवं रान, आत एकटा रुमाल. सगळ्या ग्रुपमध्ये देखावा नीट पाहिला तो त्यानेच. त्याच्याकडे मोबाइल नव्हता.

हसू येतं, पण ते इथपर्यंतच. कुरांडाची ही रेल्वे मुळात देखाव्यासाठी बांधलेलीच नाही. 1882 च्या पावसाळ्यात वर हर्बर्टनला कथिलाच्या खाणींवरच्या लोकांवर उपासमारीची पाळी आली. चिखलातून धान्य वर पोचेना, म्हणून त्यांनी समुद्रापासून रेल्वे मागितली. 1886 ते 1891 या काळात मजुरांनी, त्यांत आयरिश आणि इटालियन बरेच, टिकाव-फावड्यांनी आणि सुरुंगांनी कड्यात पंधरा बोगदे काढले. त्यात माणसं मेली. आणि आपण त्या बोगद्यांत काय करतो? "ओऽऽऽ" करून ओरडतो. पंधराच्या पंधरा बोगद्यांत! सातव्या-आठव्याला घसा बसेल अशी आशा असते, तर कुणीतरी खोकल्याच्या गोळ्या वाटतं.

आणि ज्याने खिडकी पटकावली तो? तो खिडकीकडे पाठ करून बसतो, कारण सेल्फीत धबधबा मागे यायला हवा. स्टोनी क्रीकच्या लोखंडी पुलावर गाडी अशी वळते की आपल्याच गाडीचे पुढचे डबे समोर दिसतात, बाजूला पाणी कोसळत असतं, आणि हा शेजारच्या काकांना म्हणतो, "जरा मागे सरता का, तुमचं डोकं येतंय." मग पुण्याला व्हिडिओ कॉल. "दिसतंय का? आता? आता दिसतंय का?" तिकडे सासूबाईंना जावयाच्या नाकपुड्या दिसतात. दरीत रेंज जाते, त्यावर ऑस्ट्रेलियाच्या प्रगतीबद्दल दोन शब्द होतात, आणि साहेब काचेला डोकं टेकून घोरायला लागतात. अरे, झोपायचंच होतं तर खिडकी कशाला हवी होती? मधल्या सीटवर मान उंचावून, दोन खांद्यांच्या फटीतून रान पाहणारी ती आजी तुमची कुणी लागत नाही का?

पुढे बॅरन फॉल्सला गाडी दहाएक मिनिटं थांबते. सगळे कठड्याशी जातात. हा जागा होतो, पण उतरत नाही. जागा जाईल ना! रिकाम्या डब्यात रिकाम्या सीटची राखण करत बसतो.

यंदा कुरांडाला निघालेल्यांना एकच विनंती: बॅरन फॉल्सला खाली उतरा. नंबर तुमच्याच नावावर आहे, परत याल तेव्हा जागा तिथेच असेल. आणि आजींना तेवढी खिडकी द्या.