बिंदुराव

परवा रात्री साडेअकराला बिंदुरावांचा फोन आला. आवाज दबका. मी धसकलो, इतक्या रात्री भारतातलीच काहीतरी बातमी असणार.

"अरे, ह्यात बेदाणा दिसतोय," ते म्हणाले.

हे गृहस्थ तुमच्याही ओळखीचे आहेत. तुमच्याकडचे सायकल निवडत असतील, नाहीतर कॅमेरा. आमचे डॅलसला राहतात. ग्रीन कार्ड हाती पडल्यावर लोक घर घेतात. ह्यांनी एआर-१५ जातीची कार्बाइन घेतली आणि गेली तीन वर्षं तिच्यावर बसवायचा रेड डॉट घेताहेत. कार्बाइन एका दुपारी घरी आली. ठिपका अजून यायचाय.

ठिपका म्हणजे काय, हे त्यांना विचारू नका, मीच सांगतो. बारीकशा एलईडीचा उजेड लेप दिलेल्या काचेवर आपटून समांतर किरणांनी डोळ्यात येतो. त्यामुळे लाल ठिपका काचेवर नाही, पार समोर निशाणावरच टेकलाय असं वाटतं. मान जरा हलली तरी बिघडत नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. मूळ कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबची, १९०० सालची. तिला विजेचा ठिपका लावून १९७५ मध्ये बाजारात आणलं ते स्वीडनच्या एमपॉइंटनं. हे सगळं मला सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत समजलं. शिवाय एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर साधारण एक इंच. "दोनचा ठिपका म्हणजे तिथं बत्तासा ठेवला, सहाचा म्हणजे पुरी," बिंदुराव म्हणाले, आणि मागचा माणूस शिऱ्याचा द्रोण घेऊन पुढे निघून गेला.

अडचण एवढीच की ह्यांचा ठिपका कधी गोल निघत नाही. पहिली उघड्या काचेची साइट आणली. "शेंग दिसते. भुईमुगाची. दोन दाण्यांची." परत. मग नळीवाली, जिची बॅटरी ५०,००० तास चालते. म्हणजे पाच वर्षं आठ महिने, हिशोब त्यांचाच. "बॅटरी माझ्या नोकरीपेक्षा टिकेल रे, पण ही ठेचलेली मिरी आहे." परत. मग होलोग्राफिक, म्हणजे लेझरचा कारभार: ६८ एमओएचं कडं आणि मधोमध एकाचा ठिपका. "रांगोळी सुरेख आहे. पण मधे तीळ हवा, तर तिळगूळ आहे." प्रिझमवाल्या साइटमध्ये खूण काचेवरच कोरलेली असते, ती त्यांना स्वच्छ दिसली. पण तीत डोळा ठरावीक अंतरावरच धरावा लागतो. "लग्नातल्या फोटोला उभं राहिल्यासारखं वाटतं." परत! पार्सल आलं की वहिनी आता एवढंच विचारतात, "आज कुठल्या डब्यातलं?"

मी एकदा सांगून पाहिलं, की बिंदुराव, डोळे तपासा. बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसला की उजेडाचा ठिपका फरपटतो, अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना शेपट्या दिसतात का?

"त्या सगळ्यांनाच दिसतात," ते म्हणाले.

उजेड कमी करा म्हटलं, तर त्यांना भर उन्हातला ठिपका हवा. मागच्या लोखंडी साइटच्या बारीक भोकातून बघा म्हटलं, बघितलं, गोल दिसला, तर म्हणाले, "भोकाची करामत." जगातल्या प्रत्येक काचेवर त्यांचा संशय आहे, स्वतःच्या दोन सोडून.

आता कबूल करायलाच हवं. माझी स्वस्तातली साइट रेंजवर ५० यार्डांना झिरो करून दिली ती ह्याच माणसानं. स्क्रू मोजून आवळले, त्यावर रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे ढिला झाला तर कळेल. तीन गोळ्या झाल्या की दुर्बिणीतून बघायचं, अंक पुटपुटायचे, खुट्‌खुट् चार क्लिक. अख्खी दुपार उन्हात. स्वतः एक गोळी झाडली नाही. "माझं ठरलं की मारीन," म्हणाले, आणि माझी रिकामी काडतुसं वेचू लागले.

त्यांचे वडील साताऱ्याजवळच्या आपशिंग्याचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. त्यांच्या हाती एसएलआर, तिला दोन लोखंडी साइट, बॅटरी नाहीच. फौजेत नेम धरण्याला 'शिस्त घेणं' म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतही शिस्तीचा हा अर्थ होता. पुढे तो शब्द हेडमास्तरांनी पळवला. आप्पांनी कशी शिस्त घेतली, ह्याच्या कथा बिंदुरावांनी लहानपणापासून ऐकलेल्या, आणि आम्ही बिंदुरावांकडून.

गेल्या रविवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये असताना आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. बिंदुरावांनी मॅगझिन काढलेली, दोनदा तपासलेली रिकामी कार्बाइन भिंतीकडे टेकवली आणि फोन साइटच्या मागे धरला.

"गोल तर हाय की रं," आप्पा म्हणाले. "टिकलीवानी."

बिंदुरावांनी वाकून स्वतः पाहिलं. मग फोनकडे. मग पुन्हा काचेत.

"तुला कसा दिसतोय?"

"शेंगेसारखा."

तिकडे बराच वेळ काही हललं नाही. मला वाटलं, नेट गेलं.

"मलाबी दोन टारगेटं दिसायची," आप्पा म्हणाले. "बोललो न्हाई कुणाला. डोळ्यापायी घरी धाडलं असतं."

"मग शिस्त कशावर घ्यायचात, आप्पा?"

"उजवीकडच्यावर."