बारीक की जाड?

आमच्या गिरणीचे मामा डबा हातात घेताघेता एकच प्रश्न विचारतात, "बारीक की जाड?" वीस वर्षं मी या प्रश्नाला बेफिकीरपणे "बारीक" असं उत्तर देत आलो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मात्र काट्यावर डबा ठेवताना तोल गेला आणि डब्यापाठोपाठ मीही काट्यावर चढलो. लाल आकडे भराभरा पळाले आणि थांबले. ९८.६. मामा म्हणाले, "साहेब, डबा दहाचा आहे." मागे रांगेत चार बायका. त्यातल्या एकीनं मनातल्या मनात वजाबाकी केली. तिचे ओठ हललेले मी पाहिले.

८८.६! उंची पाच फूट पाच इंच. म्हणजे गेली काही वर्षं निदान दोन डबे दळण मी रात्रंदिवस पोटाला बांधून हिंडत होतो. "बारीक की जाड?" मामांनी सवयीनं विचारलं. रांगेत कुणीतरी खोकलं.

एक जानेवारीपासून सुरुवात करायची ठरली. या तारखेला वजन उतरवायला घेणाऱ्या मराठी माणसानं पंचांग उघडलेलं नसतं, हे नक्की. बारा दिवसांत भोगी, म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी, जी तुपाशिवाय खाणं हा पोळीचा अपमान. मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, त्यातून घरी येणाऱ्या तिळाच्या वड्या, आणि ऑफिसवाल्यांची हुरडा पार्टी. बरं, पुढे ढकलावं तर आषाढात तळण, श्रावणात सणांची रांग, भाद्रपदात मोदक. पितृपक्षात तर पूर्वजांच्या वाट्याचंही आपणच खायचं असतं.

मी चूक केली ती संकल्प जाहीर करण्याची. ऑफिसात लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत उरका. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. मी कुणाला दुखावणाऱ्यातला नाही. दोनदा पोटभर जेवलो आणि मधल्या वेळेत दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्लं. दोन दिवसांनी बायकोनं विचारलं, "अहो, तुमचं डाएट नक्की कधी असतं?" शिवाय सात हितचिंतकांनी पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' वाचायला पाठवला. तो वाचून पोट दुखेपर्यंत हसलो. त्या आठवड्यातला पोटाचा व्यायाम तेवढाच.

मग चालणं. फोन सांगतो, रोज दहा हजार पावलं. १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' ठेवलं. ते नाव आता जगाच्या मानगुटीवर बसलंय. मी पर्वती गाठली. पर्वतीच्या पायऱ्या १०३. चढउतार धरून २०६. धापा टाकत फोन पाहिला तर हिशेबात अजून नऊ हजारांवर पावलं शिल्लक! ती मी रात्री साडेदहाला जेवणाच्या टेबलाभोवती घातली. शेवटची चारशे तर पलंगावर पडून नुसता फोन हलवून. फोनला फरक कळला नाही. काट्याला कळतो, ही काट्याची वाईट खोड.

पण पहिले दहा दिवस झकास गेले. दुसऱ्या रविवारी घड्याळ, चष्मा, किल्ल्या, पाकीट काढून गिरणीच्या काट्यावर उभा राहिलो. ८६.४! दोन किलो दोनशे ग्रॅम! मामांनी खडूनं स्विचबोर्डाशेजारच्या भिंतीवर आकडा लिहिला. वर आधीचा ८८.६ त्यांनी न विचारताच लिहून ठेवला होता. मी घरी जाऊन जुन्या पँटी कपाटातून खाली काढल्या.

पुढच्या रविवारी, म्हणजे संक्रांत उलटल्यावर, ८६.९.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यातच खुलासा केला. आपण खाणं कमी केलं की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन मोडतं. त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही सुटतं. "पहिल्या आठवड्यात गेलं ते बरंचसं पाणी हो! गुळाची पोळी खाल्लीत, ते परत आलं. एक किलो चरबी जायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते." पुण्यात पाणी गेलं म्हणून आजवर कुणी कुणाचं अभिनंदन केलेलं नाही. मी मात्र अख्ख्या ऑफिसकडून करून घेतलं होतं.

सोमवारी साडेपाचचा गजर वाजला आणि मी तो बंद केला. मंगळवारी लावलाच नाही. उत्साह हा प्रकार पाहुण्यासारखा असतो. येताना पेढे आणतो आणि कामाच्या वेळी "निघतो" म्हणतो. जुन्या पँटी पुन्हा कपाटात गेल्या. शुक्रवारपर्यंत मी हे प्रकरण मिटलं असंच धरून चाललो होतो. पण घरातलं पीठ संपलं.

गिरणीत पोचलो तर भिंतीपुढे दोन बायका. "हे ८६.९ कशाचं हो मामा? एवढी बाजरी?"

"बाजरी नाही, साहेब."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण त्यातली थोरली म्हणाली, "संक्रांतीत फक्त अर्धा किलो वाढलं? भाऊ, मग तुम्ही बरंच सांभाळलंत की!" तीन आठवड्यांत, पर्वती आणि दोन्ही पक्ष धरून, माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मामांनी पट्टा चढवता चढवता भर घातली, "गहू दळला तरी थोडी तूट येतेच साहेब. तुमच्यातच कशी येत नाही? आणि सारखं सारखं काट्यावर चढू नका. दळणाबरोबर या, रविवारचे."

शनिवारी पहाटे मी पर्वतीवर होतो. प्रकृतीची काळजी वगैरे काही नाही. रविवारी रांग असते.

त्या रविवारी ८६.१. पुढच्या रविवारी ८५.८. तीनशे ग्रॅम, म्हणजे दळणातली तूटही त्याहून बरी. पण मामांनी तो आकडा जरा मोठ्या अक्षरात लिहिला. मी डबा उचलून निघालो, तेवढ्यात मागे चपला काढल्याचा आवाज आला. ती थोरली बाई डबा खाली ठेवून काट्यावर चढली होती. खडू हातात घेतलेल्या मामांना ती खालच्या आवाजात सांगत होती, "कोपऱ्यात लिहा हं. आणि खडूनंच लिहा, पुसायला बरं."